नोकरीची सुपारी

हर्षलानं वरून दोनदा टाच आपटली आणि मी कंप्रेसर बंद केला. ट्रकवाला चाकाजवळ उकिडवा बसलेला, हवा अर्धीच भरलेली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी बोलली, थांब जरा, वर पोरगा पकडायचं काम चाललंय. तो बिचारा मान वर करून फळ्यांकडं बघायला लागला. वरून हर्षलाचा आवाज आला, पाकात घोळवल्यासारखा. "हाय ऋषिकेश, दोन मिनिटं बोलू शकतो का? जेवलात का?"

जेवलात का. मी सकाळपासून नुसत्या चहावर होती. मला कोणी विचारलं नव्हतं.

आमचं पंक्चरचं दुकान चौक गावाला, जुन्या मुंबई-पुणे हायवेला लागून. बाबा आणि मी चालवतो. दुकानाला वर फळ्यांचा माळा हाय, तिथं आधी जुने टायर पडलेले असायचे. आता अर्ध्यात टायर हायेत आणि अर्ध्यात हर्षला. तिच्या गावात रेंज नाय, लाईटचा भरवसा नाय. शेजारच्या ढाब्यावर वायफाय आलं तेव्हा मी त्या मालकाशी भांडून वायर माळ्यावर ओढून घेतली. मागं निळी चादर बांधली, कॅमेऱ्यात टायर दिसायला नको म्हणून. चादर माझी. पंखा माझा. हे मी सांगून ठेवते, कारण फोनवर त्या पोरांना ती सांगते, मी माझ्या होम ऑफिसमधून बोलते.

आमी पहिलीपासून एका बाकावर. नववीत मी शाळा सोडली. कारण काय मोठं नाय, मला बसवत नाय. तास चालू झाला की माझ्या पायांना मुंग्या यायच्या. मी सोडली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या जागेवर भाविका जाऊन बसली. भाविकाचं आता लग्न झालंय, पोरगं पण हाय, पण ती बाजारात दिसली तर अजून माझं डोकं फिरतं. हर्षला पुढं शिकली, कर्जतला कॉलेज केलं, कंप्युटरची डिग्री घेतली. त्यांच्या घराण्यातली पहिली. तिचा बाप मोहोपाड्याला कंपनीत ठेकेदाराकडं कामाला होता, तो वारला, मागं ती आणि तिची आई, आमची काकी. डिग्री मिळाली त्या दिवशी मी दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना पेढे दिले. बाबा बोलले, पास ती झाली, तू का नाचतेस? मी बोलली, बाक माझा पण होता.

तिची नोकरी वाशीच्या एका कन्सल्टन्सीत हाय, काम घरून. मोठमोठ्या कंपन्यांना कंप्युटरवाली माणसं शोधून द्यायची. मला वाटायचं ह्यात काय, अशी पोरं रस्त्यावर पडलीत, उचलायची आणि द्यायची. तसं नाय. ज्याला काम येतं तो फोनच उचलत नाय. फोन उचलतो त्याला कंपनीला पायजे ते येत नाय. आणि एखाद्याला येतंय, तो बोलतोय पण चांगला, तर त्याच्या खिशात आधीच दुसऱ्या दोन कंपन्यांची नोकरीची पत्रं असतात. हिचं तिसरं घेतो, त्या दोघांना दाखवतो, पगार चढवून घेतो आणि हिला ब्लॉक करतो. बायोडेटात पण काय काय लिहितात. पुण्यातल्या एकाच क्लासच्या सहा पोरांनी एकच प्रोजेक्ट स्वतःचा म्हणून लिहिलेला, त्यातली चूक पण तीच.

एकदा एक जण व्हिडिओवर परीक्षा देत होता. उत्तरं फाडफाड. कंपनीचा साहेब खूश. हर्षला कोपऱ्यातल्या चौकोनात गप्प बसलेली. मधीच ती बोलली, "दमलात असाल, थोडं पाणी प्या ना." पोरगा भोळा, त्यानं बाटली तोंडाला लावली. तो पाणी पितोय आणि उत्तर चालूच. टेबलाखाली कोणतरी दुसराच बसून बोलत होता. त्या दिवशी आमी माळ्यावर लोळून लोळून हसलो. असे दिवस असले की मला ती नोकरी आवडायची.

बाकी दिवशी नाय आवडायची. कारण त्या धंद्यात एक नोटीस पिरियड म्हणून असतो. नोटीस पिरियड म्हणजे माणूस निघालाय पण अजून गेला नाय. नव्या कंपनीला हो बोलतो आणि दोन-तीन महिने जुन्या कंपनीतच बसून असतो. तेवढ्यात त्याचं मन कुठं जाईल भरवसा नाय. म्हणून तेवढे दिवस त्याला धरून ठेवायचं. रोज फोन. राजीनामा दिला का, साहेब काय बोलला, थांब म्हणून गळ घातली का, गावाला कधी जाणार, ताप उतरला का. साखरपुडा झालेल्या पोरीला पण तिचा नवरा एवढे फोन करत नसेल.

माझ्या मनगटाला गरम पाना लागून फोड आला होता. तो फुटला, सुकला, काळा डाग पडला, तेव्हा हर्षलानं बघितलं. बोलली, "हे कधी झालं गं?" मी बोलली, "तुझ्या नोटीस पिरियडमधी." तिला कळलं नाय, किंवा कळलं असेल. वरून फोन वाजला आणि ती शिडी चढून गेली.

मग लागोपाठ तीन पोरं पडली. पडली म्हणजे हो बोलून आलीच नाय. पहिल्यानं कामावर यायच्या सकाळी फोन बंद केला तो बंदच. दुसऱ्याचा काका वारला. तोच काका आदल्या महिन्यात दुसऱ्या एका कंपनीसाठी पण वारला होता, हे नंतर कळलं. तिसरा आला. गळ्यात कार्ड घातलं, फोटो काढला, दुपारी डबा खायला म्हणून खाली उतरला आणि परत वर गेलाच नाय. हर्षला त्या संध्याकाळी टायरवर बसून राहिली. रडली नाय. नुसती नखानं टायरचं रबर टोकरत बसली.

दुसऱ्या दिवशी तिच्या साहेबांचा फोन आला, मनोज सर. तिनं मला वर बोलावून घेतलं, जवळ बस बोलली. सर आवाज चढवून बोलत नाय, त्याची जास्त भीती वाटते. बोलले, ऐरोलीच्या कंपनीत येत्या एक तारखेला सोमवारी ऋषिकेश बसायला पायजे. तो त्या खुर्चीवर बसला नाय तर मंगळवारी तू लॉगिन करू नकोस.

काकीला हे कळलं तेव्हा ती एवढंच बोलली, की पॅकिंगला बायका घेतायत, ठेकेदाराशी मी बोलून ठेवते. त्याच कंपनीत, जिथं हर्षलाचा बाप खोकत घरी यायचा. आणि मग काय, वर्षभरात लग्न. माळ्यावर परत टायर चढले असते. ते मला चालणार नव्हतं.

आता हा ऋषिकेश. भिवपुरीजवळच्या गावातला, म्हणजे आपल्याकडचाच. बाप आबाजी वीजघरात होता, आता रिटायर, घरची भातशेती बघतो. पोरगा पुण्याला क्लाऊडमधी. क्लाऊड म्हणजे काय ते मला हर्षलानं सांगितलेलं, मी विसरली. असं काम येणारी माणसं कमी हायेत आणि त्यांना ते माहीत हाय, एवढं लक्षात ठेवलंय. गाववाला म्हणून हर्षलाला त्याचा भरवसा वाटायचा. ऐरोलीला नोकरी म्हणजे घरून येऊन-जाऊन करता येईल, आईच्या हातचं खाईल. त्याची आई अंबाबाई, तिचा गुडघा दुखतो. डावा. हर्षलाला माहीत होतं डावा. कुठल्या डॉक्टरची गोळी चालू हाय ते माहीत होतं. मी शेजारी बसून भाकरी खात असायची आणि ही फोनवर विचारायची, "काकींचा गुडघा कसा आहे आता?"

माझ्या आईची कंबर धरलीय दोन वर्षं. माझी आई तिला रोज आमटी पाठवते.

मी त्या माणसाला बघितलेलं नव्हतं, पण मला तो नको होता. शिकलेला, शर्ट कडक इस्त्रीचा, आणि हर्षलाच्या दिवसाचा अर्धा भाग त्याच्याकडं. फोनवर नाव आलं की ती केस सारखे करायची. साधा कॉल असला तरी. मी विचारलं, कशाला? तर बोलली, केस नीट असले की आवाज नीट निघतो. एकदा तिनं टाच आपटली आणि मी कंप्रेसर बंदच केला नाय. चालू ठेवला, फुल. ती शिडीवरून वाकून बघायला लागली तर मी तिच्याकडं पाठ केली. मला त्याचं अजून पण काय वाटत नाय.

एक तारीख जवळ आली आणि ऋषिकेश गप्प झाला. फोन उचलीना. मेसेजच्या टिकल्या निळ्या होईनात. हर्षला तीन रात्री नीट झोपलेली नव्हती हे तिच्या तोंडावरून कळत होतं. मग पुण्यातल्याच तिच्या ओळखीच्या कोणाकडून कळलं, त्याला दुसऱ्या कंपनीचं पत्र आलंय, पुण्यातच, पगार जास्त, तारीख तीच, एक.

शनिवार होता. ती वर येरझाऱ्या घालत होती, फळ्या करकरत होत्या. मला राग आलेला, कशाचा ते सांगता येत नाय, तिचा, त्याचा, सगळ्यांचा. मी खालून बोलली, "आपल्याकडं लग्न ठरलं की सुपारी फोडतात. मग कोणी पळत नाय. तुमच्या कंपनीत सुपारी नाय का गं?"

मी टोमणा मारला होता. वर फळ्या करकरायच्या थांबल्या. थोड्या वेळानं शिडीवर तिचे पाय दिसले.

"अपे, उद्या टेंपो काढशील?"

बाहेरच्यांना सांगायला पायजे. आमच्याकडं लग्नाची बोलणी जमली की पाच माणसांत नारळ ठेवतात, सुपारी फोडतात, तिचे तुकडे वाटतात. सगळ्यांनी तुकडा तोंडात टाकला की शब्द पक्का. त्यावर सही लागत नाय, शिक्का लागत नाय. मग जो फिरेल त्याला आजूबाजूच्या गावांत मान वर करता येत नाय, आणि फिरला कोणी पण, पोरीच्या मागं ते कायमचं चिकटतं.

रविवारी आमी कर्जतवरून भिवपुरीला गेलो. भात झोडून झालेलं, खळ्याच्या कडेला पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. आबाजी पडवीत विळ्याला धार लावत बसलेले. हर्षलानं आधी पाया पडून घेतलं. मग आबाजींनी विचारायचं ते विचारलं, कोणाची, कुठली, आजोळ कुठलं. आजोळ कडावचं निघालं, त्यात त्यांच्या एका साडूचं घर निघालं, मग पाण्याचा तांब्या आला. मी टेंपोला टेकून उभी होती, मला कोणी आजोळ विचारलं नाय.

हर्षला फोनवर बोलते तशी तिथं बोलली नाय. साधं बोलली. "काका, ऋषिकेशनी शब्द दिलाय ऐरोलीला येतो म्हणून. मेलवर दिलाय. मेलवरच्या शब्दाला आता कोणी विचारत नाय, मला तीनदा फसवून झालंय. आपल्याकडं शब्द कसा देतात ते तुमाला माझ्यापेक्षा जास्त माहीत." आणि पिशवीतून तिनं नारळ काढला, सुपारी काढली आणि पडवीत मांडली.

आबाजींनी विळा बाजूला ठेवला. मला वाटलं आता हाकलतील. मग ते आत बघून बोलले, "अगं, पाट आण." आणि शेजारच्या घरांकडं तोंड करून हाका मारल्या, चार जण आले, पाचवे ते स्वतः. आबाजींनी त्यांना सांगितलं की आपला ऋषिकेश ऐरोलीच्या कंपनीत जाणार, त्याची ही सुपारी. त्यातल्या एकाला नीट ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याला बिडीची घाई होती. सुपारी फोडली. सगळ्यांनी तुकडा तोंडात टाकला. आबाजींनी तिथूनच पोराला फोन लावला. त्यानं बापाचा फोन उचलला. "आमी सुपारी फोडलीय," ते बोलले. "एक तारखेला जायचंय." आणि ठेवला.

तेवढ्यात अंबाबाई लंगडत बाहेर आली, हातात ताट. डावाच पाय. ताटात कुंकू, तांदूळ, खण. बोलली, पहिल्यांदा घरात आलेल्या पोरीला रिकामं कसं पाठवू. हर्षलाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली. हर्षला मान खाली घालून ओढणी पसरून बसलेली, त्यात नारळ, त्यात तांदूळ, आणि दारात शेजारच्या दोन बायका येऊन हे सगळं बघत उभ्या. मी एवढी वर्षं हिच्याबरोबर हाय, मी हिला असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं.  मग अंबाबाई माझ्याकडं आली, मला पण कुंकू लावलं आणि हातात एक केळं दिलं.

येताना कर्जतच्या अलीकडं ऋषिकेशचा फोन आला. मी टेंपो बाजूला घेतला. तिनं स्पीकरवर टाकला. तो ओरडला नाय. शांतपणे विचारलं, "मॅडम, हे तुमच्या पॉलिसीत बसतं का?"

"नाय बसत," हर्षला बोलली.

तो थोडा हसला असं मला वाटलं, मग फोन कट. हो नाय, नाय पण नाय.

आमी चौकला पोचायच्या आत बातमी पोचलेली. त्या दोघींपैकी एकीची बहीण चौकला दिलेली. बाबा दुकानातून बाहेर आले आणि बोलले, पेढे कुठायत? मी बोलली, कसले? तर बोलले, हर्षलाची सुपारी फुटली ना भिवपुरीला, ओटी भरली म्हणे, पोरगा पुण्याला इंजिनिअर. आत खुर्चीवर काकी बसलेली, डोळे लाल. हर्षला समजवत राहिली, अगं आई, नोकरीची सुपारी, नोकरीची. काकीनं सगळं ऐकून घेतलं आणि बोलली, "नोकरीची सुपारी कोणी कधी फोडलीय का? लोकांना काय सांगू मी?" मग पदरानं नाक पुसून बोलली, "फुटली ना? मग आता तो आला पायजे."

हर्षला आधी हसली. मग तिला पण कळलं. आता तो नाय आला तर नुसती नोकरी जाणार नव्हती. ढाब्यावर, गिरणीत, पाण्यावर एकच बोलणं झालं असतं, हर्षलाची सुपारी मोडली. नोकरीची होती हे कोणी बोललं नसतं.

तो आठवडा कसा गेला विचारू नका. येणारा-जाणारा माळ्याकडं बघून हसायचा. एक रिक्षावाला बोलला, नवरीबाईला सांग, टायरची हवा चेक करूनच सासरला जा. मी त्याच्या तीन चाकांतली हवा सोडली आणि पाना हातात घेऊन उभी राहिली. ऋषिकेशकडून एका मेसेजला फक्त ओके आलं. हर्षला ते ओके मला दाखवायची, बोलायची, हे कसलं ओके हाय गं? मी काय सांगणार. मला त्या ओकेची पण चीड यायची. दोन अक्षरं पाठवतो आणि ही त्याच्याकडं दिवसभर बघते.

शेवटचा रविवार. पुण्याची नोकरी सोडून ऋषिकेश गावाला आलाय, एवढं कळलेलं. संध्याकाळी ती वर फोनवर होती, हळू आवाजात. माझ्यासाठी टाच आपटली नव्हती, कारण दुकान बंदच होतं. मग उतरली, लॅपटॉप पिशवीत टाकलेला. तोंडावरून काय समजत नव्हतं. मी विचारलं, काय बोलला? ती बोलली, कोण? आणि जाता जाता टेंपोजवळ थांबली. "मागच्या चाकात हवा कमी वाटते गं. बघून घे." हर्षलाला टायरमधलं काय पण कळत नाय. मी बोलली, तू तुझं क्लाऊड बघ. ती गेली.

मी चाक बघितलं. थोडी कमी होती. भरली.

मला काय करायचंय ते मी कोणाला सांगितलं नाय. बाबांना पण नाय. उजाडायच्या आधी टेंपो काढला. कर्जतला दूधवाले उतरत होते. मनात ठरवलेलं, ऋषिकेशच्या दारात उभं राहायचं, बाहेर आला की गाडीत घालायचा. नाय बोलला तर आबाजींसमोर विचारायचं, पाच जणांसमोर विचारायचं, अख्खं गाव गोळा करायचं. हर्षलाच्या नावाला कोणी हात लावायचा नाय. माझं तिच्याशी भांडण असेल, ते माझं आणि तिचं.

दारात मी हॉर्न दिला, लांब. खिडकीत तो उभाच होता. बाहेर आला तर साधाच निघाला, बारीक, चष्मा, कानावर केस उभे राहिलेले. मी खाली उतरली नाय. बोलली, "ऋषिकेश ना? बस." तो माझ्याकडं बघतच राहिला, भूत बघितल्यासारखा. आत गेला. मला वाटलं गेला हातातून. मग बॅग घेऊन आला. मागून अंबाबाई दोन डबे घेऊन आली, एक त्याचा, एक माझा. ह्या वेळी केळं नव्हतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या आणि सुकटीची चटणी.

रस्त्यात त्यानं टेंपोचं मायलेज विचारलं, दुकानाचं विचारलं. चांगला बोलत होता. त्याचाच मला राग आला. वाईट असता तर बरं झालं असतं. चौकला दुकानासमोरून गेलो तेव्हा मी मुद्दाम हळू केलं नाय. ऐरोलीला काचेची बिल्डिंग, तिथं तो उतरला, थँक्यू बोलला आणि आत गेला. मी गेटसमोर टेंपो लावून बसून राहिली. त्या तिसऱ्याची गोष्ट माझ्या डोक्यात होती. वॉचमन दोनदा हाकलायला आला. दुपारी ऋषिकेश डबा घेऊन खाली आला, मला बघून चमकला, माझ्या बाजूला टेंपोच्या फळीवर बसून जेवला आणि परत वर गेला. लिफ्टचं दार लागलेलं बघितलं तेव्हा मी हर्षलाला फोन केला.

"जेवून पण आत गेला," मी बोलली.

"बरं," ती बोलली.  मग, "अपे, दुसरा कॉल येतोय गं, ठेवते."

असं.

तिची नोकरी टिकली. मनोज सर शाबास पण बोलले नाय, नुसती नवीन चार जागांची यादी पाठवली. लग्नाची बोंब पण संपली, कारण आबाजी स्वतः बाजारच्या दिवशी चौकला आले, ढाब्यावर बसून चहा मागवला आणि मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगितलं की ती सुपारी नोकरीची होती, पोरगा कामावर जातोय, शब्द पुरा झालाय. उठताना बोलले, आमच्या खानदानात नोकरीची पहिलीच. आता त्या बाजूची दोन-तीन घरं हर्षलाला विचारतात, आमच्या पोराची सुपारी कधी फोडतेस. ती नाय म्हणते, एकदाच पुरे.

होळी झाल्यावर ऋषिकेश दुकानात आला, बाईकचं चाक बसलेलं. हर्षला वर कॉलवर होती, कंप्रेसर बंद, म्हणून मी हातपंपानं हवा मारत होती. तो बोलला, "एक विचारू? तुला त्या दिवशी मॅडमनी खरंच पाठवलं नव्हतं?"

मी बोलली, नाय. तिला माहीत पण नव्हतं.

तो हसला आणि त्यानं सांगितलं. त्या रविवारी संध्याकाळी त्यानंच हर्षलाला फोन केलेला. साफ बोलला होता, मी पुण्याचीच धरतो, बाबांनी दिलेला शब्द माझा नाय, सॉरी. सकाळची पुण्याची गाडी पण ठरवून ठेवलेली. हर्षलानं भांडण केलं नाय. बोलली, ठीक हाय, फक्त एक करा. उद्या उजाडताना तुमच्या दारात एक पोरगी टेंपो घेऊन येईल. नाय आली तर खुशाल पुण्याला जा, काकांना मी सांगेन चूक माझी होती. आली, तर तिला तोंडावर नाय सांगा.

तो तिला बोलला, म्हणजे तुम्ही पाठवताय. ती बोलली, नाय, मी तिला काय सांगितलेलं नाय आणि सांगणार पण नाय.

मग त्यानं विचारलं होतं, येईलच कशावरून?

हर्षला बोललेली, "ती तुमच्यावर लय जळते. म्हणूनच येईल."